मास्तर अंक वाचतायत

नंदाखालपासून रमेदीपर्यंत वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती वाडीत डिसेंबरच्या मध्यावर जा, एक तरी घर असं सापडेल की जिथे सगळी माणसं वळसा घालून चालतात. ओट्यावर रंगाचे डबे, अंगणात ताऱ्यासाठी तासलेल्या बांबूच्या कामट्या, आत मैद्याची परात, आणि या साऱ्याच्या बरोब्बर मध्ये एक आरामखुर्ची. खुर्चीत मास्तर. मास्तरांच्या हातात नाताळ अंक.

मास्तर होण्यासाठी शाळेत शिकवलेलं असलंच पाहिजे असं नाही. काही मास्तर बँकेतून निवृत्त झालेले असतात, काही रेल्वेतून, आणि एखाद्याने तर आयुष्यभर केळीची बागच केलेली असते. तरी वाडी त्यांना मास्तरच म्हणते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून चष्म्यावरून बघता येणं आणि समोरचा काही सांगायला लागला की 'थांब, एवढा परिच्छेद होऊ दे' म्हणता येणं, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की पदवी मिळते. मग पुढे कुणी फोन केला, कुणी दारात आलं, कुणी वर्गणी मागितली, की घरातून एकच उत्तर जातं, 'मास्तर अंक वाचतायत.' यात तक्रार असते, अभिमान असतो आणि पाहुण्याला परत पाठवायची सोयही असते.

सण आला की अंक हवा, हे मराठी माणसाच्या अंगवळणी का. र. मित्र यांनी पाडलं. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक त्यांनी १९०९ साली काढला. वसईच्या मास्तरांना या प्रथेचा दुहेरी लाभ होतो. दिवाळीत शेजारच्या घरातून फराळाचं ताट येतं, त्यामागून दिवाळी अंक येतात. ते नोव्हेंबर संपेपर्यंत पुरतात. ते बांधून ठेवेतो आगमनकाळ सुरू होतो आणि 'सुवार्ता', 'निरोप्या' यांचे नाताळ अंक दारात पडतात. म्हणजे सलग दोन महिने कामाला हात न लावण्याचं सबळ कारण. बरं, 'सुवार्ता' म्हणजे घरचंच प्रकरण. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अनेक वर्षं संपादक होते आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे मास्तर दूधवाल्यालासुद्धा सांगतात. 'निरोप्या' १९०३चा. प्रोटेस्टंटांचा 'ज्ञानोदय' तर १८४२चा, म्हणजे 'केसरी'पेक्षा एकोणचाळीस वर्षांनी वडील. मास्तर पक्के कॅथलिक, पण 'ज्ञानोदय'चं हे वय ते स्वतःच्या आजोबांचं सांगावं तसं सांगतात. वाचायला त्यांना कुठलाही पंथ चालतो. काम मात्र कुठलंच चालत नाही.

काम करत नाहीत, असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. ते माहिती पुरवतात. मुलगा शिडीवर चढलाय, एका हातात तारा, दुसऱ्या हातात खिळा, आणि वायर खाली लोंबतेय.

'बाबा, तेवढी वायर द्या वर.'

'नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड लंडनमध्ये निघालं. १८४३ साली.'

'वायर, बाबा.'

'आणि त्याच साली, त्याच गावात, १९ डिसेंबरला डिकन्सचं अ ख्रिसमस कॅरोल आलं. सहा हजार प्रती! नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सगळ्या संपल्या.'

मुलगा खाली उतरतो, वायर घेतो, पुन्हा चढतो. उतरता-चढताना त्याला ही माहिती पाठ होते आणि संध्याकाळी लोकलमध्ये तो ती मित्रांना स्वतःची म्हणून ऐकवतो. या घरात ज्ञानाचा प्रसार असाच होतो.

घरच्यांनी हुशारीने मास्तरांवर एक जबाबदारी टाकलेली असते. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून नातवाने ताटलीत माती पसरून नाचणी पेरलेली असते, तिला पाणी घालायचं. मास्तरांनी त्याचीही पद्धत बसवली आहे. एक वाचून संपलं की एक भांडं पाणी. त्यामुळे धर्मशास्त्रावरचा लेख लागला की नाचणी माना टाकते आणि कवितांचं पान आलं की वाहून जाते. एका वर्षी गोठ्याच्या डाव्या अंगाला कुरण आणि उजव्या अंगाला दलदल झाली होती. मास्तर म्हणाले, बेथलेहेमचा भूगोल नेमका कसा होता हे सांगता येत नाही.

मास्तरांचा खरा अंमल सुरू होतो तो कुलकुलच्या रात्री. ज्यांनी कुलकुल केले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मैदा नारळाच्या दुधात मळायचा, त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी तयार होते. मग तळायची, साखरेत घोळायची. काटे घरात चारच असतात, म्हणून उरलेली मंडळी नवीन कोरा कंगवा वापरतात. एका माणसाला हे काम दिलं तर तो ईस्टरपर्यंत वळत बसेल, म्हणून सगळं घर बसतं. सुना, लेकी, शेजारच्या दोघी, झोपेला आलेली पोरं. परातीभोवती दहा-बारा माणसं, सगळ्यांचे हात गुंतलेले आणि सगळ्यांचे कान मोकळे. मास्तरांना असा वर्ग पस्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नसेल. कुणी उठून जाऊ शकत नाही, कुणाला अंगठा दाखवायचा तर अंगठ्याला मैदा लागलेला.

मास्तर घसा खाकरतात आणि त्यांची भाषा बदलते. एरवी घरात सगळे बोलतात ती कादोडी. मीठ कमी पडलं तर कादोडीत, भांडण झालं तर जास्तच कादोडीत. पण अंक उघडला की मास्तर एकदम ताठ, पुस्तकी मराठीत शिरतात. 'त्या काळोख्या रात्री वृद्ध आई दाराकडे डोळे लावून बसली होती,' असं काहीतरी सुरू होतं.

'मुलगा येणार,' परातीपलीकडून मास्तरीणबाई म्हणतात.

'अगं, ऐकून तर घे.'

'दहा वर्षांनी येणार. मध्यरात्रीच्या मिस्साच्या घंटेला दारात उभा राहणार.'

मास्तर न ऐकल्यासारखं करून वाचत राहतात. दोन पानांनी चर्चची घंटा होते आणि दार वाजतं. परातीभोवती कुणी काही बोलत नाही, पण धाकट्या सुनेचे खांदे हलत असतात.

मास्तरीणबाईंनी ही कला वर्षानुवर्षांच्या श्रवणातून कमावली आहे. नाताळच्या कथेत दारुडा बाप आला की तो चोवीस तारखेच्या संध्याकाळी सुधारतो. गरीब मुलगी दुकानाच्या काचेतून बाहुली बघत असली की मागे एक म्हातारा उभा असतो. मालक कंजूष असेल तर तो डिकन्सचा लांबचा नातेवाईक, त्याला रात्री स्वप्न पडणार. आणि कथेच्या पहिल्या परिच्छेदात कुणी खोकलं की, बाई म्हणतात, त्याच्यासाठी मेणबत्ती आत्ताच काढून ठेवा. मास्तरांनी आजवर जेवढ्या कथा वाचल्या तेवढ्याच बाईंनी ऐकल्या. फरक इतकाच, की मास्तर प्रत्येक वेळी शेवटाला चष्मा पुसतात. माझं मत विचाराल तर या दोघांमधला खरा समीक्षक परातीजवळ बसतो, पण खुर्ची त्याच्या वाट्याला आलेली नाही.

आता बैलाचं प्रकरण सांगितलंच पाहिजे.

पॅरिशची गोठा स्पर्धा होती. नातवाने आणि त्याच्या दोस्तांनी गोणपाटाचे डोंगर उभे केले होते, आरशाचं तळं केलं होतं, पेंढा पसरला होता. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव सगळे जागेवर. गव्हाण रिकामी, कारण बाळ मध्यरात्रीच ठेवायचं. परीक्षक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार. अशा वेळी मास्तर अंकातला एक लेख वाचून उठले. मास्तर उठले याचीच घरात दहशत पसरली.

'येशूच्या जन्माची हकीकत कुठल्या शुभवर्तमानात आहे?' त्यांनी नातवाला विचारलं.

'चारही.'

'दोनच. मत्तय आणि लूक. आणि दोघांपैकी एकानेही बैलाचा उल्लेख केलेला नाही. गाढवाचाही नाही.' असं म्हणून त्यांनी दोघांनाही शिंगाला आणि कानाला धरून बाहेर काढलं आणि फ्रिजवर ठेवलं. तीन राजे तिथे आधीपासून होते. मत्तयाने ते किती जण होते हे सांगितलेलं नाही, राजे होते असंही म्हटलेलं नाही, आणि त्यांचा परंपरेचा दिवस ६ जानेवारी. म्हणून मास्तरांच्या नियमाप्रमाणे त्यांनी फ्रिजवरून निघून रोज वीतभर चालायचं असतं. बैल-गाढव आल्यावर फ्रिजवर काफिलाच झाला.

नातवाने भोकाड पसरलं. सून म्हणाली, 'बाबा, मार्क जातील हो.' मास्तर म्हणाले, सत्यापुढे मार्कांचं काय. मास्तरीणबाई दुधाच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी यशयाला बोलावलं. 'यशया काय म्हणतो? बैलाला त्याचा धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते. म्हणून ठेवतात त्यांना. तुम्हाला तर दूध उतू जातंय तेसुद्धा कळत नाही.'

मास्तर खुर्चीत परतले आणि लेखाचा उरलेला भाग वाचू लागले. पुढच्या पानावर असिसीचा संत फ्रान्सिस भेटला. त्याने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळचा देखावा मांडला, लोकांना गोठ्यातली गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. आणि त्यात त्याने काय आणलं होतं? जिवंत बैल आणि जिवंत गाढव. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग उठले, फ्रिजकडे गेले आणि दोघांना घेऊन आले. येताना बैलाचा एक कान दाराच्या चौकटीला लागून उडाला. 'मी म्हणतच होतो,' मास्तर म्हणाले. कुणाला म्हणत होते ते त्यांनी सांगितलं नाही. परीक्षकांनी गोठ्याला दुसरा नंबर दिला.

घरच्यांनी त्यांना खुर्चीतून उठवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका वर्षी केक त्यांच्याकडे सोपवला. केकमधला सुकामेवा महिना-महिना आधी रममध्ये भिजत घातलेला असतो. त्याची चव मुरली का, हे बघायला मास्तरांनी बरणी जवळ घेतली आणि बरोबर एक दीर्घकथा घेतली. दीर्घकथा संपली तेव्हा बरणीत मेवा होता, रम नव्हती. तेव्हापासून त्यांना अंक भरपूर आणून देतात. पापडीच्या बाजाराला पाठवलं तरी पिशवीत एक जुना अंक घालतात, म्हणजे माणूस कुठेतरी सावलीला बसून राहतो आणि सापडतो. पापनिवेदनाच्या रांगेत मात्र ते स्वतःच अंक नेतात. रांग पुढे सरकते, मास्तर सरकत नाहीत, मागचे पुढे जातात, आणि शेवटी फादर बाहेर येऊन विचारतात, 'मास्तर, काही पाप केलंय की नुसतंच वाचताय?'

वाचणाऱ्याला लिहावंसं वाटतंच. मास्तर दर वर्षी ऑगस्टात संपादकांना एक लेख पाठवतात. विषय भारदस्त. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'तला जन्मप्रसंग, नाहीतर रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली निघालेल्या त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत का उरली नाही. लेख फुलस्केपच्या बत्तीस पानांचा. संपादक आभाराचं पत्र पाठवतात. मास्तर ते पत्र फाइलला लावतात आणि अंकाची अनुक्रमणिका तरीही तीनदा बघतात.

गेल्या वर्षी अनुक्रमणिकेत आडनाव दिसलं. मास्तर खुर्चीत सावरून बसले. पण नाव बाईंचं होतं. पाककृतींच्या पानावर, अर्ध्या रकान्यात, पासपोर्टच्या फोटोसकट 'मिल्क क्रीम'. कुणीतरी भाची फोनवर विचारून गेली होती आणि बाईंनी लसूण सोलता सोलता सांगून टाकलं होतं.

पाककृतींचं पान मास्तर एरवी उलटून टाकत. ते त्यांनी उभं राहून वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले. बाई मिल्क क्रीमच हलवत होत्या. मिश्रण अजून कढईची कड सोडत नव्हतं, ओट्यावर तुपाचं बोट फिरवलेले रबरी साचे मांडून ठेवलेले होते.

'एक लिटर दुधाला अर्धा किलो साखर,' मास्तरांनी वाचून दाखवलं. 'पण मघाशी तू वजन केलंस ते चारशे ग्रॅमच होतं.'

'चारशेच घालते मी.'

'मग इथे अर्धा किलो छापलंय.'

'मीच सांगितलं तसं.'

'आणि काजू? इथे भिजवून वाटायचे म्हटलंय. तू तर कोरडे दळतेस.'

'हो.'

मास्तरांनी चष्मा काढला. 'म्हणजे अंकात छापलंय ते खोटं?'

'खरं छापलं तर सगळ्या वाडीत माझ्यासारखं मिल्क क्रीम होईल,' बाई म्हणाल्या आणि झारा त्यांच्या हातात दिला. 'धरा. हलवत राहा, तळाला लागेल. मला करंज्या तळायच्यात.'

मास्तर हलवू लागले. दुसऱ्या हातात अंक होताच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'अगं, ती उसाच्या गाडीवाल्याची गोष्ट आहे ना, मागच्या पानावर, तीसुद्धा खोटी असेल का?'

'ती मी नाही सांगितलेली,' बाई म्हणाल्या. 'पण मुलगा परत येतो त्यात.'