शेवट न पाहता चित्रपटावर मत कसे द्यावे

चित्रपट पाहणे सोपे आहे. त्याला डोळे आणि तिकिटापुरते पैसे पुरतात. चित्रपटाविषयी मत देणे हे त्याहून अवघड काम. आणि चित्रपटाचा अखेरचा पाव तास न पाहता त्याच्याविषयी ठाम, साधार व दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या कट्ट्यावर उलटतपासणीला टिकेल असे मत देणे, हे तर स्वतंत्र शास्त्रच होय. या शास्त्राचा जेवढा व्यासंग आमच्या येळ्ळूर गावात झाला आहे, तेवढा पुण्यामुंबईच्या कोणत्याही रसिकमंडळात झाला नसावा, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. कारण भौगोलिक आहे. गाव बेळगावपासून आठएक किलोमीटरवर, राजहंसगडाच्या कुशीत. चित्रगृहे सगळी शहरात. आणि संध्याकाळच्या खेळाचा शेवट व गावाकडे येणारी शेवटची बस यांचे जन्मजात हाडवैर. पडद्यावर नायकाने खलनायकाची मानगूट धरावी आणि त्याच क्षणी आम्ही अंधारात पायाने चपला चाचपाव्यात, हा आमच्या तरुणपणीचा शिरस्ता. सुगी आटोपल्यावर वर्षाकाठी चार-पाच चित्रपट पाहणारा मी एक सामान्य प्रेक्षक, या वहिवाटीत मुरलेला. तेव्हा होतकरूंच्या सोयीसाठी अनुभवाचा हा मसुदा सादर करीत आहे.

पहिले कलम चित्रपटाच्या निवडीचे. ज्याचा शेवट तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक आहे, असा चित्रपट सर्वांत उत्तम. आमच्या पूर्वसूरींनी या बाबतीत दाखवलेली दूरदृष्टी पाहून मन थक्क होते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली या देशात कथापटाचा पाया घातला तो हरिश्चंद्रावर. पुढे कोल्हापुरात प्रभात कंपनीने १९३२ साली मराठीला पहिल्यांदा पडद्यावर बोलते केले ते ‘अयोध्येचा राजा’मधून, म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रावरच. राजा डोंबाघरी पाणी भरत असताना जो प्रेक्षक उठून गेला, त्यालाही राज्य परत मिळणार हे आजीच्या मांडीवरच कळलेले होते; त्याचे मत अखेरपर्यंत बसलेल्यांच्या मताइतकेच कायदेशीर. १९३६ चा ‘संत तुकाराम’ हा तर या पद्धतीचा कळस. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा वैकुंठाला निघण्यापूर्वीच आपण वडगावच्या पुढे पोहोचलो असलो तरी बिघडत नाही, कारण ते जाणार याबद्दल येळ्ळुरात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला; परंतु तेथील परीक्षक पडले परमुलुखातले, त्यांना देहूची हकीकत ठाऊक नसणार, त्यामुळे बिचाऱ्यांना अखेरपर्यंत बसून राहणे भाग पडले असेल.

सामाजिक चित्रपटांची गोष्ट वेगळी. तेथे शेवट तर्काने काढावा लागतो. नायकाची आई पहिल्या अर्ध्या तासात खोकली की ती जगत नाही. मध्यंतरापूर्वी मित्राने मैत्रीच्या शपथा घेतल्या की तो नायकासाठी छातीवर गोळी घेतो. आणि दोन भाऊ यात्रेत चुकले असतील तर त्यांची भेट शेवटच्या बसनंतरच होते, याला मी आजतागायत अपवाद पाहिलेला नाही. (पाहणार कसा, असा प्रश्न कोणी विचारू नये.) ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला, असे ऐकून आमच्या वडीलधाऱ्यांना अतोनात हेवा वाटे, एवढी मुदत मिळाली तर हप्त्याहप्त्याने का होईना, सबंध चित्रपट वसूल करता येईल, हा त्यांचा हिशेब.

चित्रगृहांविषयीही मत असावे लागते, आणि ते मागाहून देण्याऐवजी आधीच ठरवून ठेवावे. ग्लोब, रेक्स, हंस, रेडिओ, चित्रा, प्रकाश, स्वरूप, नर्तकी ही नावे ज्यांच्या कानात अजून घुमतात, त्यांना पडदा, ध्वनी आणि खुर्च्या यांच्यावरून वाद घालायची सवय असते. परंतु हे सगळे निकष चैनीचे. येळ्ळूरकराचा निकष एकच: कडेच्या खुर्चीपासून दारापर्यंत पावले किती आणि दारापासून बसपर्यंत धावायचे किती. आसन नेहमी मागच्या रांगेतले, कडेचे घ्यावे. मधल्या आसनावरून ऐन करुण प्रसंगी उठून ओळीने बारा गुडघे ओलांडत जाणे म्हणजे त्या बारा कुटुंबांशी कायमची तकरार. एका चित्रगृहात, ज्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही, बाहेर पडायच्या दारावरचा काळा पडदा इतका जड आणि धुळकट होता की, त्यातून सुटताना मला दोनदा शिंका आल्या आणि नायिकेच्या विलापावर मी हसलो असा समज होऊन बाल्कनीतून शिव्या पडल्या. ढेकणांविषयी तर मी काहीच लिहीत नाही. त्यांनी मात्र आमच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत सविस्तर मत बनवलेले होते.

कन्नड चित्रपटांबद्दल दोन शब्द. सीमाभागातील माणसाला कन्नड बाजारापुरते कळते, संवादापुरते अर्धे कळते आणि गाण्यापुरते मुळीच कळले नाही तरी चालते. त्यामुळे त्याचे मत अधिक निःपक्षपाती होते, कारण ते निव्वळ डोळ्यांच्या साक्षीवर उभे असते. राजकुमारांचा ‘बंगारद मनुष्य’ १९७२ चा. त्यातला नायक शेतकरी, विहीर खणणारा, खडकाळ रान पिकाखाली आणणारा, म्हणून भातशेती करणाऱ्या आमच्या गावाने तो भाषेचा दाखला न मागता आपलासा केला. शेवटी तो नायक गाव सोडून निघून जातो, असे मला पुष्कळ वर्षांनी कळले. म्हणजे तोही आमच्यासारखाच, शेवट व्हायच्या आत उठून गेला.

संगीताविषयी मत देणे तुलनेने निर्धोक आहे, कारण गाणी बसच्या वेळापत्रकाच्या अधीन नसतात. चांगळेश्वरीच्या यात्रेत कर्ण्यावरून, लग्नाच्या मांडवात बँडवरून आणि पिठाच्या गिरणीत भाषांतरित स्वरूपात ती आधीच कानी पडलेली असतात. तरीही येथे एक सावधगिरीची सूचना देतो. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटाला आनंदघन नावाच्या संगीतकाराच्या चाली होत्या. तालमीतल्या एका वस्तादांनी त्या ऐकून निवाडा दिला होता: “पोरगं हुशार हाय, चाल बरी बांधतंय, पण लताबाईंच्या गळ्याला काय शोभतंय ते कळायला अजून चार वर्सं लागतील त्याला.” आनंदघन म्हणजे खुद्द लताबाईच, हे जाहीर झाल्यावरही वस्तादांनी मत मागे घेतले नाही, माणसाला स्वतःच्या गळ्याचे स्वतःला कळत नसते, अशी त्यांनी त्यावर मखलाशी केली. खरा समीक्षक असा असावा. पुढे ‘तांबडी माती’ आला तेव्हा त्याला संगीत त्याच ‘पोराचे’ असल्याचे सांगून वस्तादांनी अख्खा आखाडा बेळगावला नेला, आणि अर्थातच वेळेवर परत आणला.

आता मुख्य परीक्षा: दुसऱ्या दिवसाची सकाळ. कट्ट्यावर कोणीतरी विचारणारच, “हिरो मरतंय काय गा शेवटाला?” या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देणारा माणूस गारद झालाच म्हणून समजा. आधी दूर गडाकडे पाहावे. मग म्हणावे, “मरण्या-जगण्याचा मुद्दाच न्हाई गा त्यात. डायरेक्टरला वेगळंच सांगायचं हाय.” समोरचा गप्प बसतो, कारण काल तोही त्याच बसमध्ये होता.

परगावच्या वाचकास हे सर्व चमत्कारिक वाटेल. पण शेवट न पाहता मत बाळगून राहण्याची सवय आम्हाला केवळ बसने लावलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमावादाचा जो खेळ सुरू झाला, त्यात १९६७ साली महाजन आयोगाच्या अहवालाने एक मध्यंतर झाले, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करून नवे रीळ चढवले, मधल्यामध्ये २०१४ साली ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा गावचा फलक उखडण्याचा मारामारीचा प्रसंगही होऊन गेला. आणि प्रेक्षकांच्या तीन पिढ्या कडेच्या खुर्चीवर बसून आहेत. त्या मानाने चित्रपटाचा पाव तास काय मोठा.

एवढे शास्त्र हस्तगत असूनही आयुष्यात एकदा मी तोंडघशी पडलो, आणि प्रामाणिकपणे तेही सांगितले पाहिजे. २०१६ च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ प्रदर्शित झाला. तोवर दारात दुचाकी आली होती, बसचा धाक उरला नव्हता. पण चाळीस वर्षांची सवय, ठरल्या वेळी पाय आपोआप उठले. मी उठलो तेव्हा पडद्यावर परशा आणि आर्ची यांचा हैदराबादेत नेटका संसार चालू होता, मांडीवर लेकरू होते, माहेरशी फोनवर बोलणे सुरू झाले होते. चपला पायात सरकवताना माझा जीव भरून आला. गावात येऊन मी कट्ट्यावर, डेअरीत आणि घरोघर निवाडा जाहीर केला: अजय-अतुलांनी परदेशी वाद्यवृंद घेऊन गाणी केली आहेत, ती ऐकण्यासारखी, आणि चित्रपट घरगुती, गोड, बायकामुलांसह पाहण्याजोगा. माझ्या शब्दाखातर मामी, वय वर्षे सत्तर, नव्या लुगड्याची घडी मोडून सुनेबरोबर तिसऱ्या दिवशी जाऊन आल्या. ज्यांनी तो चित्रपट पुरा पाहिला आहे, त्यांना शेवटच्या त्या आवाज नसलेल्या दृश्यांविषयी आणि त्या लेकराच्या पावलांविषयी वेगळे सांगायला नको. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि माझ्याशी बोलल्या नाहीत ते वर्षभर.

पुढल्या वर्षी तीच कथा कन्नडात आली, ‘मनसु मल्लिगे’ या नावाने, आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. तेव्हा मामींनी सुनेच्या हाती निरोप धाडला: “जा म्हणावं, आणि आता शेवटापातूर बैस. त्या लोकांनी तरी पोरांस्नी जगू दिलंय काय बघून ये.” मी गेलो. दुचाकी त्या दिवशी भाच्याने नेलेली. तरी पाट्या पुऱ्या वर सरकून दिवे लागेपर्यंत बसलो. बस गेली होती. वडगाव मागे टाकून, दोन्हीकडच्या भाताच्या रानांतून, मामींना काय सांगायचे याचा विचार करीत मी चालत निघालो, आणि गल्लीच्या तोंडाशी आलो तर म्हातारी उंबऱ्यावर कंदील घेऊन बसलेली.