दह्याशेजारी उंदीर

ऐकलंत का हो वहिनी? मागच्या बंगल्यातल्या धाकट्यानं घार पाळलीय! हसताय काय, खरंच. नारळाच्या झावळ्या तोडायला माणसं आली होती ना, तेव्हा घरटं खाली आलं. ह्यानं पिल्लू उचललं नि थेट स्वतःच्या खोलीत.

आधी म्हणे दूध-पोळी चारली! पक्ष्याला कुठलं आलंय दूध? मग बोनलेस चिकन. घार उंदीर कसा, हाडांसकट खाते. न पचलेले केस तेवढे गोळी करून ओकून टाकते. नुसत्या मऊ मांसात कॅल्शियम कुठून मिळणार? पाय वाकायला लागले, तेव्हा कुठे जनावरांच्या डॉक्टरकडे धावला. आता त्याच्या आईच्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याला लागून मेलेले उंदीर! मी तर त्यांच्याकडचं विरजण आणणं बंदच केलंय.

आणि ते ओरडणं! उजाडलं की 'चीईर्रर्र' सुरू. आई कौतुकानं म्हणते, "किती लळा लागलाय!" कसला डोंबलाचा लळा? माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजतं. आज खायला मागतंय, उद्या मोठं झालं की ह्याच्याशीच जोडी जमवेल, नाहीतर दारात येईल त्याच्यावर झडप घालेल. परवा दूधवाल्याची टोपी गेलीच की!

मी बोलले त्याला. तर मलाच ऐकवतो, "काकू, राजेरजवाडे ससाणे पाळायचे." म्हटलं, बाबा रे, त्यांच्या पदरी बाजदार असायचे. रोज छातीचं हाड चाचपून पक्षी किती भुकेला आहे ते बघायचे, मगच उडवायचे. पोट भरलेला पक्षी झाडावर जाऊन बसला की मुठीवर परत येतोय कशाला? नि आता 1972 चा वन्यजीव कायदा आहे, घरात घार ठेवणं गुन्हा आहे.

शेवटी आमच्या ह्यांनी 1926 ला फोन केला. वनखात्याचा तो फुकटातला नंबर हो. उद्या येतायत न्यायला. इतर घारींबरोबर वाढवतात म्हणे, माणसानं होता होईतो तोंडसुद्धा दाखवायचं नाही. पोरगा कालपासून जेवला नाहीये, बिचारा. पण आमचं नाव सांगू नका हं त्यांच्याकडे.

बरं, ते बोंबील तुम्हीच वाळत घातलेत ना? मग आधी उचला. ती मघापासून तुमच्याच टाकीवर बसलीय.