येडं पोरगं

लातूर जिल्ह्यातल्या चाकुरात शहाण्या पोरांची वानवा नाही. समजा, दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच्या फोटोचा स्टिकर आला. गॅदरिंगमध्ये नाचताना डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि खाली बापाच्या धंद्यावरून दोन शब्द. शहाणी पोरं हसतात, पुढं पाठवतात. त्यांच्याहून शहाणी ग्रुपवर गप्प बसतात आणि रात्री त्याला एकट्याला लिहितात, 'वाईट वाटलं रे.'

मला कौतुक करायचंय ते येड्याचं. तो सगळ्यांदेखत लिहितो, 'कशाला टाकायलास बे? काढ ते.' पुढचा स्टिकर त्याचाच निघतो. व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये ग्रुप गुपचूप सोडायची सोय केली, सूचना फक्त ॲडमिनला जाते. हा गडी सगळ्यांना सांगून सोडतो. आणि सकाळी लातूरच्या एसटीत, अख्खा ग्रुप बघत असताना, त्याच पोराशेजारी जाऊन बसतो.

असं बसायला छाती लागते. कारण मोठ्या शहरात छळणारा अनोळखी असू शकतो. इथं तो त्याच बाकावरचा, बऱ्याचदा कालपर्यंतचा जिगरी असतो. दुसऱ्याचं मन या छळणाऱ्यालाही कळतं. बापाचा धंदा काढला की वर्मी लागेल, हे जवळच्यालाच सुचतं. त्या पोरावर त्याचा राग असेलच असं नाही, त्याला बाकीच्या दोस्तांचं हसू हवं असतं. ते हसू मिळालं नाही, तर दुसरा स्टिकर करण्यात त्याला गोडी राहत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'किवा' हा छळविरोधी कार्यक्रम उभा केला, त्याचा मोठा भर या हसणाऱ्या, गप्प बसणाऱ्या बघ्यांवरच आहे.

युनिसेफनं २०१९ मध्ये ३० देशांतल्या तरुणांना विचारलं, तेव्हा तिघांत एकाहून अधिक जणांनी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. पाचांत एकानं त्यापायी शाळा बुडवली होती. अशा वेळी शेजारी कुणी बसतं की नाही, यावर पोरगं उद्या वर्गात येणार का, हे पुष्कळदा ठरतं.

म्हणून आईबापांनो, तुमचं पोरगं दुसऱ्यासाठी भांडून, ग्रुपबाहेर पडून घरी आलं, तर 'तुला काय पडलं होतं मधी तोंड घालायचं?' असं म्हणू नका. त्याला जेवायला वाढा, त्या दुसऱ्यालाही बोलवा. छळ थांबत नसेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.