गाडी गेली मिरजेक

कोकण रेल्वेवर उठसूट तोंडसुख घेणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. हिच्याइतका प्रांजळ कारभार सरकारदरबारी शोधून सापडायचा नाही. बाकीच्या रेल्वे गाडीची वेळ छापतात आणि गाडी उशिरा आणतात. कोकण रेल्वे उशीरच आधी छापून मोकळी होते. त्या छापील उशिराला पावसाळी वेळापत्रक म्हणतात. एरवी शंभरच्या पुढे धावणारी गाडी पावसाळ्यात वीर ते कणकवलीच्या अवघड पट्ट्यात ताशी ७५ किलोमीटरच्या आत हाकायची आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ४० वर आणायची, हा नियमच आहे. चांगला नियम आहे. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ गाड्यांना जे जीवघेणे अपघात घडले, त्यानंतर या नियमाला हसण्याची कोणाची छाती होणार नाही.

हसू येते ते तारखांचे. पूर्वी हे वेळापत्रक १० जूनला लागू व्हायचे आणि ३१ ऑक्टोबरला उठायचे. २०२५ साली ते दोन्हीकडून कातरून १५ जून ते २० ऑक्टोबर केले. पावसाला हे परिपत्रक वेळेत मिळाले नसावे. तो २५ मे रोजीच तळकोकणात हजर झाला. म्हणजे रेल्वेच्या हिशेबी पावसाळा सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत जो पडला तो पाऊस विनातिकीट समजावा.

रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा हा मार्ग. ९१ बोगदे आणि त्यांच्या आगेमागे डोंगर उभा कापून काढलेली वाट. कापताना डोंगराची संमती कोणी विचारली नव्हती, म्हणून तो दर पावसाळ्यात लेखी नाही तरी मातीच्या स्वरूपात हरकत नोंदवतो. २०२४ च्या जुलैत त्याने ती लागोपाठ नोंदवली. ९ तारखेला पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल खालून, तळातून वर आला. रात्री दहाच्या सुमारास मार्ग मोकळा झाल्याचे जाहीर झाले आणि पहाटे तीनच्या आत पाणी पुन्हा वर. याच बोगद्याची भिंत २०२० च्या ऑगस्टमध्ये कोसळली होती, तेव्हा बोगदा ओळखीचाच होता. मग १४ तारखेला दिवाणखवटीजवळ दरड आली आणि मार्ग जवळपास दिवसभर बंद. माणसांनी भर पावसात माती उपसली, हे खरे. त्यांना नावे ठेवणाऱ्याने एकदा फावडे हातात घेऊन बघावे.

पण आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे पडलेले उचलणे. जे अजून पडायचे आहे, ते पडेपर्यंत सुस्थितीत असते.

अशा वेळी गाड्या 'वळवल्या' जातात. पनवेलहून लोणावळा, पुणे, मिरज, लोंढा करीत मडगाव. कागदावर सुंदर सोय. केरळला जाणारा उशिरा का होईना, केरळला पोचतो. पण ज्यांच्या नावाने रेल्वे आहे त्या कोकणातल्या माणसाचे काय? त्याचे गाव नेमके त्या वगळलेल्या पट्ट्यात. कणकवलीचे तिकीट काढलेल्या गृहस्थांना घरून फोन येतो.

"गाडी खंय पावली?"

"गाडी गेली मिरजेक. मी हंय पनवेलात!"

तिकिटाचे पैसे परत मिळतात, तक्रारीला जागा नाही. आरक्षणाच्या खिडकीपुढे जागवलेली रात्र परत मिळत नाही, एवढेच. पुढे एसटी असतेच. दिवाणखवटीच्या वेळी अडकलेल्यांना शेवटी एसटीनेच मुंबईकडे आणले. ती ज्या मुंबई-गोवा महामार्गाने आणते त्याबद्दल आज काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

या मधल्या माणसाचा विसर पडणे ही रेल्वेची सवय झाली आहे. २०२५ च्या गणपतीत मोटारी मालगाडीवर चढवून नेण्याची सेवा निघाली. कोलाडला चढवा, वेर्ण्याला उतरवा, एका मोटारीचे ७,८७५ रुपये. वेर्णे गोव्यात. गणपती मालवणात. मग कोणीतरी आठवण करून दिली की मधे सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा लागतो, तेव्हा कुठे नांदगावला थांबा मिळाला.

यंत्रे भरपूर आहेत, हेही सांगायला हवे. माणगावपासून उडुपीपर्यंत नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी चढल्याची सूचना देणारी यंत्रणा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चढली तेव्हा चिपळूण ते कामथे गाड्या थांबवल्या आणि वाटेत सुमारे सहा हजार प्रवासी अडकले. माणसे वाचली, कारण गाड्या थांबल्या. पण या सगळ्या यंत्रांच्या शेवटी रात्री दोन वाजता रुळांतून चालत जाणारा एक गस्तवाला असतो. डोक्यावर रेनकोटची टोपी, हातात विजेरी, पिशवीत लाल झेंडी आणि रुळावर बांधायचे इशाऱ्याचे फटाके. खडीवर पाय घसरतो, म्हणून नजर खाली. दरड येते वरून, म्हणून नजर वर. असे गस्तवाले २०२४ च्या पावसाळ्यात ६७२ होते, २०२५ ला ६३६. पाऊस लवकर आला आणि माणसे कमी झाली, असा हा योग.

डोंगरउतार बांधून काढायला पैसे का नाहीत, हे विचारायला जावे तर दार सापडत नाही. १९९० साली स्थापन झालेले हे महामंडळ. त्यात सुरुवातीला रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे ६-६. पाच मालक आणि कापलेला डोंगर एकाचाही नाही. मंत्रालय म्हणते महामंडळ आहे, महामंडळ म्हणते आम्हाला अर्थसंकल्पातून थेट मिळत नाही, राज्ये म्हणतात आमचा वाटा थोडा. वीरपर्यंत दुहेरी मार्ग २०२१ साली झाला, त्यापुढे बहुतेक सगळा एकेरीच. म्हणजे एका ठिकाणी माती आली की मुंबईपासून मंगळूरपर्यंत सगळ्यांनी घड्याळ बघायचे. आता भारतीय रेल्वेत विलीन व्हायचे घाटत आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने होकार दिला, 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे या अटीवर. अट रास्त आहे. अटींत एक ओळ डोंगरउतारांसाठीही चालली असती.

तेव्हा खासदार-आमदार मंडळींना नम्र विनंती. गणपतीच्या जादा गाड्यांना झेंडे जरूर दाखवा, फोटोही काढा. विलीनीकरण व्हायचे तेव्हा होवो. फक्त धोक्याच्या उतारांचे काम एप्रिलअखेर संपवायला लावा, आणि मंजूर किती, झाले किती, राहिले किती, हे रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक स्थानकावर फळ्यावर लिहायला लावा. गाडी येईपर्यंत वाचायला आमच्याकडे वेळ भरपूर असतो.