मीठ पाहावं पैसे देऊन

मोरव्याच्या माणसांना मीठ दाखवायला आठ-नऊशे किलोमीटर लांब न्यायचं ज्या सहल कंपनीला सुचलं, तिच्या विक्री विभागाला माझा साष्टांग नमस्कार. माहितीपत्रकावर चंद्राएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलं होतं: कच्छचं पांढरं रण, पौर्णिमेची रात्र, वाळवंटातली थरारक भ्रमंती, सोबत अनुभवी मार्गदर्शक. खाली बारीक अक्षरांत कर वेगळा.

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या रस्त्यावर राई, मुर्धे, मोरवा ही आमची गावं ओळीने बसलेली. भात, खाडीची मासळी आणि मिठागर यांवर पिढ्या निघाल्या. आमच्या मोठ्या काकांची उमेदीची वर्षं मिठागरावरच गेली. त्यामुळे मिठाचं वाळवंट बघायला चला म्हटल्यावर ते उडवून लावतील असं वाटलं होतं. पण काकीने आधीच कानटोपी विकत आणली होती, तेव्हा प्रश्न मिटला.

भुजची गाडी भाईंदरला थांबत नाही. म्हणून आम्ही सामानसुमान घेऊन आधी उलटे बोरिवलीला गेलो आणि तिथे गाडीत बसून पुन्हा भाईंदरवरूनच निघालो. खिडकीतून मिठागरं दिसली. काका म्हणाले, “हेच बगाला चाललंव कं आपुन? मंग साखली खेचा न उतरा.” काकीने त्यांच्या हातात चकली दिली. आमच्या घरात चर्चा संपवण्याची ही जुनी पद्धत आहे.

भुजपासून रणाकाठचं धोरडो साधारण ऐंशी किलोमीटर. पाकिस्तानची हद्द जवळ असल्यामुळे वाटेत परवाना काढावा लागतो. ओळखपत्रं, त्यांच्या प्रती, नावांची यादी. मीठ बघायलाही सरकारचा शिक्का लागतो हे कळल्यावर काकांच्या मनात रणाबद्दल जरा आदर निर्माण झाला. तो तंबूतल्या जेवणापर्यंत टिकला. जेवण शुद्ध शाकाहारी, आणि गुजरातेत दारूबंदी. आमच्यासारख्या आगरी माणसाला थरार हवा असेल तर एवढा पुरेसा आहे, रात्री वेगळं हिंडवायची गरज नाही. काकीने पिशवीतून सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा काढला. झाकण उघडताच शेजारच्या तंबूतलं पुण्याचं जोडपं बाहेर येऊन वाऱ्याची दिशा तपासू लागलं.

रात्री उंटाच्या गाडीतून निघालो. थंडी अशी की आमच्या भाईंदरच्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटावी. पुढे पायी. माहितीपत्रकात पौर्णिमा आणि आकाशगंगा दोन्हींचं आश्वासन होतं, पण लख्ख पौर्णिमेत तारे धुऊन निघतात हे बहुधा छापखान्याला माहीत नसावं. मार्गदर्शक तरुण, तिथलाच, हसतमुख. लेझरच्या हिरव्या रेघेने तो रिकाम्या आकाशात नक्षत्रं दाखवत होता आणि सगळे “अरे वा” म्हणत होते. मीही म्हटलं. दिलेल्या पैशाला जागावं लागतं.

मात्र खाली जे पसरलं होतं, त्याला तोड नाही. क्षितिजापर्यंत पांढरं, आणि बुटाखाली कुरकुर. मार्गदर्शक सांगू लागला: पावसाळ्यात इथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी पसरतं, नंतर ते उन्हाने आटतं आणि हिवाळ्यात मिठाचा थर उरतो. गटाने माना डोलावल्या. काका खाली बसले, एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि निकाल दिला, “कच्चा हाय.”

मग काकांनी व्याख्यानच सुरू केलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं, तळ पायाने तुडवून घट्ट करायचा, म्हणजे मिठात माती येत नाही. इथे समुद्र स्वतःच पाणी सोडतो आणि स्वतःच आटवतो, राखणदार कुणी नाही, मग माल असाच निघणार. पुण्याचे गृहस्थ वहीत टिपून घेऊ लागले. मार्गदर्शकाने लेझर खिशात टाकला.

“पुनवेला तुम्ही पण मीठ बघायला जायचात का?” एका मुलीने विचारलं.

काका तिच्याकडे बघतच राहिले. मिठागरावर पुनव म्हणजे उधाण. पाणी चढलं आणि बांध फुटला की महिन्याची मेहनत खाडीत. “रातचे बारा वाजता कंदील घेऊन बांदावर फिरलंव,” ते म्हणाले, “तवा मना कुनी उंटाची गारी दिली नाय.”

गट क्षणभर गप्प झाला. मार्गदर्शकाला आपला धंदा आठवला आणि त्याने आवाज खोल करून चिरबत्तीचा विषय काढला. बन्नीच्या गवताळ माळावर रात्री दिवे दिसतात, माणसाच्या मागे येतात, वाट चुकवतात. पुण्याच्या बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. काकी मात्र घरचा विषय निघाल्यासारखी खुलली. चकवा! तो तर आमच्या खाजणातही आहे. तिच्या सासऱ्यांना त्याने पहाटेपर्यंत एकाच बांधावर फिरवलं होतं. ते त्या रात्री कुठे बसले होते आणि काय पिऊन उठले होते, हे काकांनी सांगायचा प्रयत्न केला, पण चकलीचा डबा जवळच होता.

परतताना उंटगाडीतच ‘मोरवा नाईट सफारी’ची स्थापना झाली. पुण्याच्या गृहस्थांनी हिशोब मांडला. मिठागराचा बांध आहे, खाडी आहे, तिवरांत कोल्हे ओरडतात, चकवा आहे. क्षितिजावर भाईंदरच्या इमारतींचे दिवे आहेत, म्हणजे तारे पौर्णिमेलाही दिसतील. जेवणात बोंबील. डासांना ‘स्थानिक पक्षीजीवन’ म्हणायचं असं ठरलं. उंटाची अडचण होती, ती काकांचा थोरला मुलगा टेम्पो देईल म्हणून सुटली.

“आणि परवाना?” गृहस्थांनी पेन सरसावून विचारलं.

काकांनी काकीकडे बोट दाखवलं. तिने ओळखपत्राच्या दोन प्रती मागितल्या.