दोन अस्वलं आणि एक तलवारवाला

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये दुसऱ्या लेव्हलच्या तलवारवाल्यानं नेमकं काय करावं, असं मला कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. चहा टाकावा. बाकीचं अस्वल बघून घेईल.

हे मी चिडून म्हणत नाही, हिशेबानं म्हणतो. 2014 च्या नियमपुस्तकात ड्रुइड नावाचा एक वर्ग आहे. जंगलात राहणारा, झाडापानांशी बोलणारा, दिसायला अगदी सात्त्विक प्राणी. त्यातला ‘सर्कल ऑफ द मून’वाला पंथ दुसऱ्या लेव्हललाच तपकिरी अस्वल होतो. अस्वलाचे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत सोसता येणारा मार, 34. ते संपले की ड्रुइड परत माणूस होतो, आणि स्वतःचे 17-एक पॉइंट होते तसेच. विश्रांती घेण्याआधी हे सोंग दोनदा आणता येतं. म्हणजे 34, आणखी 34 आणि वर त्याचे 17. झाले 85. शेजारी चिलखत घालून बसलेल्या तलवारवाल्याकडे असतात साधारण 20. अस्वल एका पाळीत दोनदा मारतं, एक चावा आणि एक पंजा. तलवारवाल्याला नेहमीचा दुसरा वार मिळायला पाचवी लेव्हल उजाडावी लागते. (हो, ‘अ‍ॅक्शन सर्ज’ आहे, माहीत आहे मला. ते विश्रांतीमागे एकदा. पत्र पाठवू नका.) आणि ही विश्रांती केवढी, तर तासाभराची. तास झाला की दोन्ही अस्वलं पुन्हा हजर.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डीएम म्हणून गोष्ट चालवतो, आणि भांडण लागलं की फासे ठरवतात. सगळी मजा एकाच समजुतीवर उभी आहे, ती म्हणजे प्रत्येकाच्या पात्राला काहीतरी काम असावं. रूप बदलायची जादू टेबलावर आली की ही समजूत पहिल्याच लढाईत जखमी होते.

रोग कुठे आहे ते बघा. आगीचा गोळा फेकायचा मंत्र लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की गोळा किती फाशांचा. रूप बदलायचा मंत्र लिहिणारा मात्र एक ओळ लिहितो, ‘अमुक लेव्हलपर्यंतचं कुठलंही जनावर’, आणि मोकळा होतो. मंत्राची खरी ताकद दुसऱ्याच पुस्तकात असते, राक्षसांच्या. ते लिहिणारा माणूस वेगळा आणि त्याची चिंताही वेगळी. त्याला असा एक राक्षस हवा असतो जो चार जणांचा मार खात तीन-चार पाळ्या तग धरेल आणि मग मरेल. म्हणून तो हिट पॉइंट सढळ हातानं देतो. हेच आकडे खेळाडूच्या हाती पडले की नासतात, कारण खेळाडूला उद्याही जगायचं असतं आणि परवाही. राक्षसांचं प्रत्येक नवं पुस्तक आलं की या मंत्राला न मागता पगारवाढ मिळते.

गंमत म्हणजे हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी या खेळाची पहिली पेटी काढली, तेव्हाच तिच्यात रूपांतराचे दोन मंत्र होते. एक स्वतःवर चालवायचा, एक दुसऱ्यावर. स्वतःवर चालवला तर ड्रॅगनचं नुसतं रूप मिळायचं. उडता यायचं, पण आग ओकता यायची नाही आणि लढताही यायचं नाही. दुसऱ्यावर चालवला तर मात्र त्याला ड्रॅगनचं सगळंच मिळायचं. आता तुम्हीच सांगा, टेबलावर दोन जादूगार असतील तर काय होईल? तू मला कर, मी तुला करतो. त्याच नियमात असंही होतं की ट्रोल नावाच्या राक्षसाला गोगलगाय केलं तरी साध्या माणसाच्या पायाखाली ती चिरडणार नाही, कारण आत ट्रोलच. म्हणजे शरीर गोगलगायीचं, चिवटपणा ट्रोलचा, आणि निवाडा बिचाऱ्या डीएमचा.

1978 चं ‘प्लेयर्स हँडबुक’ आलं तेव्हा गायगॅक्सनं लगाम घातला, आणि तो लगाम मला अजूनही आवडतो. दुसऱ्याचं रूप बदललं की त्या दुसऱ्याला शरीराच्या धक्क्यातून वाचावं लागे. त्याची प्रकृती 10 असेल तर वाचायची शक्यता 70 टक्के. उरलेल्या 30 टक्क्यांत माणूस मेला. वाचला तरी हळूहळू त्याचं मनही त्या जनावराचं होऊन बसण्याची भीती होतीच. अशा टेबलावर ‘चल, तुला ड्रॅगन करतो’ असं मित्र म्हणाला की पोटात गोळा यायचा. ड्रुइडला तर सातव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागे, आणि मग दिवसाला तीनच सोंगं: एक सरपटणारा, एक पक्षी, एक सस्तन. सस्तन सकाळीच वापरला तर संध्याकाळी पाल होऊन लढा.

पुढच्या लोकांना ही भीती जाचक वाटली. तिसरी आवृत्ती 2000 साली आली, तिची डागडुजी 2003 साली झाली, आणि ड्रुइडचं राज्य सुरू झालं. शरीराचे गुण जनावराकडूनच मिळणार, मग स्वतःचे कशाला वाढवा? खेळाडू कागदावर एक काटकुळा, दम लागणारा म्हातारा लिहीत आणि पाचव्या लेव्हलनंतर त्याला बहुतेक वेळ माणूस होऊच देत नसत. ‘नॅचरल स्पेल’ नावाचं एक कसब घेतलं की जनावराच्या रूपातही मंत्र म्हणता येत. त्यामुळे अस्वल झालेला ड्रुइड, त्याचं पाळलेलं अस्वल, आणि त्यानं मंत्रानं बोलावलेली आणखी अस्वलं, असा सगळा लवाजमा दारातून आत शिरे. तलवारवाला दार धरून उभा.

जादूगार कसले मागे राहतात? त्यांचा ‘पॉलिमॉर्फ’ इतक्या वेळा दुरुस्त झाला की नियमापेक्षा शुद्धिपत्र जाड व्हायची वेळ आली. शेवटी 2006 च्या ‘प्लेयर्स हँडबुक टू’मध्ये प्रकाशकांनी वेगळीच वाट धरली आणि एक मंत्र, एकच रूप, आकडे तिथेच छापलेले असे नवे मंत्र दिले. तोवर हौशी गणितज्ञांनी पन-पन नावाचा एक कोबोल्ड कागदावर जन्माला घातला होता. कोबोल्ड म्हणजे या जगातला सगळ्यात किरकोळ, सरड्याएवढ्या हिमतीचा प्राणी. 2004 च्या एका पुस्तकातल्या सारुख नावाच्या सर्पवंशीयाला दुसऱ्या सरपटणाऱ्यांच्या शरीरात फेरफार करता येत. कोबोल्डनं सारुखचं रूप घ्यायचं, ती ताकद वापरायची, आणि नियमांच्या पायऱ्या चढत थेट अनंताला पोचायचं. कुठल्याही शहाण्या टेबलावर हा चालणार नाही. पण नियमाविरुद्ध त्यात काही सापडत नाही, हेच त्याच्या बापांचं समाधान.

मग उपाय सुरू झाले. चौथ्या आवृत्तीनं 2009 साली ड्रुइडला हवं तेव्हा जनावर होऊ दिलं, फक्त आकडे बदलायचे नाहीत. अस्वल झालास? छान. कोल्हा झालास? तेही छान. दोन्ही सारखेच. त्याच वर्षी ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळानं जुन्या मंत्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला ठरावीक बढती लावली: मध्यम आकाराचं जनावर झालात तर ताकद दोननं वाढेल, कातडी दोननं जाड होईल. 2019 च्या दुसऱ्या ‘पाथफाइंडर’मध्ये तर प्राणिरूपाच्या मंत्रात संरक्षणाचा आकडा, मारण्याचा आकडा, सगळं छापूनच येतं. हिशेब चोख. एकही डीएम रडत नाही. एकही खेळाडू ‘मी अस्वल झालो!’ म्हणून ओरडतही नाही, कारण तो अस्वल झालेला नसतो, त्याला फक्त भत्ता मंजूर झालेला असतो.

खेळाडूंना हे कळतं. 2023 च्या फेब्रुवारीत ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशकांनी नव्या नियमांचा कच्चा खर्डा चाचणीसाठी दिला, त्यात ड्रुइडसाठी तीनच साचे होते: जमिनीवरचं, आकाशातलं, पाण्यातलं. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘ड्रुइड फार माजलाय’ म्हणून बोटं मोडली, त्यांच्यापैकीच पुष्कळांना आता गहिवर आला. आमचं अस्वल कुठाय? साचे गेले, अस्वल परत आलं. 2024 च्या पुस्तकात ते आहे, पण डाएटवर. चंद्रवाल्या ड्रुइडला तिसऱ्या लेव्हलला जनावर झाल्यावर लेव्हलच्या तिप्पट तात्पुरते पॉइंट मिळतात. म्हणजे 9. कुठे 34 आणि कुठे 9. शिवाय सुरुवातीला चारच रूपं पाठ असणार.

मला या घासाघिशीत रस कमी. 34 चे 9 करणं सोपं आहे. अवघड आहे ते सोंगाला किंमत लावणं, आणि किंमत अशी की ती भरताना गोष्ट घडावी. मारीचाला बाण लागला आणि हरणाचं सोंग उतरलं, इथपर्यंत 2014 चा नियम रामायणाच्या बरोबर चालतो. फरक पुढे आहे. मारीच मेला. ड्रुइड मात्र अस्वल मेल्यावर कपडे झटकून उभा राहतो, उरलासुरला मार तेवढा अंगावर घेतो आणि पुढच्या पाळीला विचारतो, आणखी एक होऊ का? विसाव्या लेव्हलला तर मोजणीच बंद होते. दर पाळीला नवं जनावर, नवे पॉइंट.

उर्सुला ले ग्विन यांनी 1968 च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये हा हिशेब एका आकड्याशिवाय मिटवला होता. तिथे रूप बदललेला जादूगार जितका जास्त वेळ त्या रूपात राहील, तितका स्वतःला विसरत जातो. अस्वल व्हायला आवडणारा एक जादूगार शेवटी अस्वलच राहिला आणि त्यानं स्वतःच्या मुलाला मारलं. नायक गेड ससाणा होऊन जीव वाचवतो आणि गुरूपर्यंत पोचतो, पण माणूस होणं त्याला एकट्याला जमत नाही. मी डीएमच्या खुर्चीत बसलो की हेच करतो. अस्वल व्हा, खुशाल व्हा, 34 चे 34 घ्या. पण तास उलटला की फासा टाका, आणि पडलात तर रात्री शेकोटीपाशी यायचं की नाही ते अस्वल ठरवेल.

यावर हमखास येणारी तक्रार अशी की बुद्धीची किंमत नियमात आधीच लावलेली आहे. 2014 च्या पॉलिमॉर्फमध्ये मनाचे गुणही जनावराचेच लागतात. टी-रेक्सची बुद्धी 2. नियम अगदी स्वच्छ आहे. तरी टी-रेक्स झालेला खेळाडू कानाशी येऊन म्हणतो, ‘मी डाव्या खांबामागून जातो म्हणजे तिरंदाजाला नेम मिळणार नाही, आणि जाता जाता तो दोर तोडतो.’ अरे, तुझी बुद्धी दोन आहे. ‘हो, पण मला उपजत वाटतंय ना तसं!’ दोन बुद्धीच्या प्राण्याला तिरंदाजाचा कोन उपजत कळत असेल, तर आमच्या ग्रुपातल्या काही माणसांना तो का कळत नाही, हा प्रश्न मी तूर्त राखून ठेवतो. अशीच दुसरी पळवाट ड्रुइडची. त्याला फक्त आधी पाहिलेलंच जनावर होता येतं. तेव्हापासून प्रत्येक ड्रुइडचं बालपण सर्कशीच्या तंबूशेजारी गेलेलं निघतं.

जादूगाराच्या बाबतीत मात्र 2014 च्या नियमांतच एक नामी लगाम पडून आहे, फक्त तो ओढायची हिंमत हवी. सातव्या लेव्हलचा जादूगार तलवारवाल्याला महावानर करतो: 157 हिट पॉइंट, गुद्द्यावर गुद्दे, आणि फेकायला धोंडे. आठ-दहा गोब्लिनांची पळापळ. पण हा मंत्र टिकतो जादूगाराच्या एकाग्रतेवर, आणि जादूगार अजूनही तोच आहे, झग्यातला, चाळीसेक पॉइंटांचा, झुडपामागे उकिडवा बसलेला. गोब्लिनांनी वानराशी लढायचंच कशाला? एकानं झुडपात बाण सोडावा. बाण लागला की जादूगारानं फासा टाकून निदान 10 आणायचे, नाही तर मंत्र तुटला.

आमच्या जादूगाराला 6 पडले. वानर तेव्हा बुरुजाच्या भिंतीवर 60 फुटांवर चढलं होतं. आता तिथे चिलखतवाला माणूस आहे, आणि भिंतीला धरायला काही नाही. दहा फुटांमागे एक फासा, म्हणजे सहा. उचल.