बिहारमार्गे वाई

वाईच्या स्टँडबाहेर रिक्षावाल्याने पहिलाच सवाल टाकला, "इतिहास बगायचाय का पिक्चर?"

सोबत माझी मावशी होती. ती इतिहासाची निवृत्त शिक्षिका. हा प्रश्न वर्गात आला असता तर विचारणारा तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला असता. "इतिहास," ती तुटकपणे म्हणाली.

"बसा मग. भाडं तेच. जागाबी त्याच हायत."

पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी मंडळी पसरणी घाट चढण्याआधी इथे चहा घेतात आणि पुढे आयुष्यभर 'वाई पाहिली आहे' असं सांगतात. आम्ही मात्र कृष्णेच्या घाटावर उतरलो. नदीत पाणी बेताचंच होतं, आणि जे होतं त्यात गोधड्या धुणं चाललं होतं. वर ढोल्या गणपती. एका अखंड पाषाणातला, नावाला जागून ऐसपैस बसलेला. हे देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांची सासुरवाडी. नानासाहेबांच्या गोपिकाबाई त्याच घरातल्या. जावई राज्य चालवत असला की सासुरवाडीच्या हाताला देवळं-घाट बांधण्याचं बळ येतं, हे वाईत दगडादगडावर दिसतं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदीला वाट द्यायची ही रीत पुढे आपण कुठे हरवली कोण जाणे. हल्ली आपण नदीलाच वाटेतून बाजूला व्हायला सांगतो.

मावशीतली शिक्षिका गप्प बसेना. तिने रिक्षावाल्याची तोंडी परीक्षा सुरू केली. "हा घाट कोणाच्या काळातला, सांगा बरं?"

"सलमानच्या."

मग त्याने सनावळी सांगितली. 'मृत्युदंड' 1997, 'गंगाजल' 2003, तेव्हा वाई बिहारात होती. 2010 ला 'दबंग', तेव्हा उत्तर प्रदेशात. 2013 ला 'चेन्नई एक्सप्रेस', म्हणजे थेट तमिळनाडू. एकही साल चुकलं नाही. असा विद्यार्थी आपल्या वाट्याला का आला नाही, हे दुःख मावशीच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"तुम्ही होतात का एखाद्यात?" मी विचारलं.

"व्हतो की. गर्दीत. आदी बिहारी झालो, मग यूपीवाला, मग तमिळ. लुंगी दिली, कपाळाला भस्माचं आडवं पट्टं वढलं." तो जरा थांबला. "मराठी मानूस म्हनून मातुर अजून कुनी घेतलं न्हाई बगा."

पण हा दोष एकट्या सिनेमावाल्यांवर कशाला टाकायचा? आपण दुसरंच कोणी आहोत असं सांगायची या गावाला जुनी सवय आहे. ही म्हणे दक्षिण काशी. त्याआधीची ही म्हणे विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवास काढला ती. म्हणजे भीम आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा झाला, तो सगळा मेकअप इथलाच! अफझलखान इथला सुभेदार होता आणि प्रतापगडाखाली जाण्याआधी त्याचा तळही इथेच होता. रिक्षावाल्याने तो विषय एका वाक्यात उरकला: "त्याचं शूटिंग हितं न्हाई झालं."

वाईला लागूनच मेणवली. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा घाट. साडेतीन शहाण्यांत नानांची गणती अर्ध्यात होते. या अर्ध्याने जपलेल्या मेणवली दप्तरावर पुढे कितीतरी इतिहासकारांनी पूर्ण शहाणपण मिळवलं. रिक्षावाल्याच्या लेखी मात्र हा 'स्वदेस'चा वाडा. "ह्या पायऱ्यांवर शाहरुख बसला व्हता," तो म्हणाला. एक तरुण जोडपं तिथेच बसून तसाच फोटो काढत होतं. नाना कुठे बसायचे हे कोणी विचारत नव्हतं. हयातभर पडद्यामागून कारभार केलेल्या माणसाला त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच्या छोट्या घुमटीत एक भलीमोठी घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. दोन शतकांहून जास्त काळ ती शंकराच्या दारात बिनतक्रार नोकरीला आहे.

"देवी हाय ती," रिक्षावाला हात जोडून म्हणाला. "लेकरू घिऊन."

मावशीने चूक काढायला तोंड उघडलं, घंटेकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मिटलं. मी तिला ओळखतो तेव्हापासूनची ही पहिलीच वेळ.

परत येताना ती म्हणाली, "आता विश्वकोशाकडे घ्या." तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या गावचे. मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी मुंबई-पुण्याला न नेता वाईतच मांडलं आणि पहिला खंड 1976 साली निघाला. जगातलं सगळं ज्ञान अकारविल्हे लावायचं, तर बसून काम करायला कृष्णाकाठासारखी जागा नाही, हे मला पटतं. संध्याकाळ झाली होती, कार्यालय बंद होतं. मावशी फाटकाबाहेरूनच इमारत न्याहाळत राहिली, देवदर्शनाला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट.

स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याने ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले. "विश्वकोशाचं येगळं. तिकडं कुनी यीत न्हाई, ते काय आमच्या ठरल्यात बसत न्हाई."

"तुम्ही तरी गेला आहात का कधी आत?" मावशी कडाडली.

"गेलतो की एकदा. वाईची नोंद काडून वाचली सगळी." त्याने पैसे मोजून खिशात घातले. "आमच्या रिक्षास्टँडचं नाव न्हाई त्यात."